शब्दपाडे यांची टाकसाळ

बिलंबित म्हणजे हॉटेलात बिल आलं की ज्याचा हात खिशाकडे विलंबित लयीत निघतो आणि समेवर पोचेपर्यंत दुसऱ्या कुणी पैसे भरलेले असतात, असा मित्र. उंबरठेकर म्हणजे ‘बराय, निघतो’ म्हणून चपला घातल्यावर दारात उभं राहून पाऊण तास बोलणारा पाहुणा. आडनावच असल्यामुळे हा शब्द कायम आदरार्थी बहुवचनात चालतो: ‘उंबरठेकर अजून गेले नाहीत, गॅस बारीक कर.’ पार्किंगवासी म्हणजे सगळ्यांना नाट्यगृहाच्या दारात उतरवून गाडी लावायला गेलेला आणि पहिला अंक संपला तरी न परतलेला इसम. चहाटाळ म्हणजे दुसऱ्यांचे चहा पिऊन स्वतःची पाळी आली की ज्याला हमखास फोन येतो तो. ओटीपीडिताची व्याख्या द्यायची गरज नाही. यातला एकही शब्द कोशात सापडणार नाही, पण असे शब्द पाडणारा गृहस्थ मात्र कट्ट्यावर, बँकेत, लोकलच्या ठरलेल्या डब्यात, सोसायटीच्या सभेत, कुठेही सापडतो. नाणी पाडावीत तसे तो शब्द पाडतो, म्हणून त्याला आपण शब्दपाडे म्हणू.

शब्दपाडे नवा शब्द कसा काढतात, हे जवळून पाहण्यासारखं असतं. ते तो कधीच ‘ऐका’ म्हणून सांगत नाहीत. वाक्याच्या मध्यावर, जरासाही जोर न देता, जणू आजोबांपासून घरात वापरात असल्यासारखा सोडून देतात आणि पुढे बोलत राहतात. डोळे मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत असतात. कुणी ‘म्हणजे?’ विचारलं, तर ‘एवढंही माहीत नाही?’ असा चेहरा करून अर्थ सांगतात. कुणीच विचारलं नाही, तर दोन वाक्यांनी तोच शब्द पुन्हा येतो, या वेळी अंमळ मोठ्याने. तरीही सामसूम असेल, तर शेवटचा उपाय म्हणजे बनावट वंशावळ: ‘कोल्हापूरकडे सर्रास म्हणतात.’ कोल्हापूरचं नाव घेण्यात हिशेब आहे. ज्या गावाने ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ दिलं, त्याच्या नावावर आणखी काहीही खपतं. सदाशिव पेठेचं नाव सांगितलं, तर कुणीतरी पुरावा मागेल.

या माणसावरचा पहिला आरोप ठरलेला आहे: हे लोक भाषा नासवतात. आरोप जुना आहे. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली आली तेव्हा तिच्यातल्या नाक्यावरच्या पोरांवर आणि त्यांच्या बोलीवर आचार्य अत्रे तुटून पडले होते, तेच अत्रे, ज्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून भल्याभल्या कवींची रेवडी उडवली होती. पण आरोप तपासायचा तर शब्दपाड्यांचा माल उलटून पाहावा. त्यांना हवं तसं काहीही पाडता येत नाही. शब्द कोणत्याही भाषेतून उचलला, तरी त्याला तो, ती किंवा ते ठरवावं लागतं, आणि ते क्षणात ठरतं, कुणाला विचारावं लागत नाही. सामान्यरूप चुकत नाही. पार्किंगवासीला कुणी हाक मारत नाही, पार्किंगवाशाला मारतात. पिकाऊ, टिकाऊ, विकाऊ यांच्या ओळीत ‘पकाऊ’ जाऊन बसला, तो मूळचा हिंदीतला आहे हे कळणारही नाही इतका. दादागिरी होती म्हणून ‘चमकोगिरी’ झाली. ‘कल्टी’ आणि ‘शायनिंग’ कुठूनही आलेले असोत, मराठीत आले की दोघांनाही ‘मारणे’ याच क्रियापदाच्या दावणीला बांधलं गेलं. व्याकरणाच्या पेपरात गटांगळ्या खाल्लेला मुलगा कट्ट्यावर तेच व्याकरण बिनचूक चालवतो. मला तर वाटतं, मराठीचे प्रत्यय जिवंत आहेत की नाही हे बघायचं असेल, तर ते पाठ्यपुस्तकात न बघता टपरीवर बघावं.

शब्दपाड्यांचा खरा दोष वेगळाच आहे. शब्द अकलेने चालतो, असा त्यांचा समज आहे. तो चालतो गरजेने. याला पुरावा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या टाकसाळींचा आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी कागद, दुकान आणि हवालदार आपल्या तोंडात तसेच राहिले. सावरकरांनी दिलेला महापौर आज कुणाला नवा वाटत नाही, कारण ती जागा रिकामी होती. दूरध्वनी मात्र लेटरहेडवर राहिला आणि बोलण्यात फोनच आला. उलट, उचलू नये म्हणूनच केलेल्या फोनला ‘मिसकॉल’ हे नाव कुठल्याही समितीशिवाय गावोगाव पोचलं, कारण पैसे वाचवायची ती युक्ती सगळ्यांनाच लागत होती. लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणणाऱ्यांना विनोद करायचा नव्हता, फोनवर आकडा उच्चारायचा नव्हता. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या तेव्हा खोका म्हणजे काय हे राज्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ‘पाट्या टाकणे’ बघा. बांधकामावर पाटी उचलायची, नेऊन टाकायची, यापलीकडे कामात मन नसणं. कचेरीतल्या अर्ध्या आयुष्याचं वर्णन दोन शब्दांत झालं. लोकलच्या तिघांच्या बाकड्यावर टेकायला मिळालेल्या चौथ्या टोकाला ‘फोर्थ सीट’ हे नाव पडलं, ते टेकणाऱ्याला रोज लागतं म्हणून. हा कसोटीचा दगड लावला, तर शब्दपाड्यांचा बिलंबित, कितीही झोकदार असला, तरी शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या टोळक्यात पडतो. हप्तावस्या, म्हणजे खात्यातून कर्जाचा हप्ता कापला जाण्याची काळी तिथी, तगण्याची शक्यता जास्त. हा शब्द बहुधा सौ. शब्दपाड्यांचा असावा. घरखर्चाच्या वहीजवळ बसणारीला शब्दाची गरज आधी कळते. कट्ट्यावर तो नेऊन टाळ्या यजमान घेतात.

दुसरा आक्षेप असा की असे शब्द चार दिवसांचे पाहुणे, त्यांचं कौतुक कशाला? बहुतेक मरतात हे खरं आहे. पण जे उरतात त्यांचं काय होतं पाहा. १६६३ साली शाएस्तेखानावर छापा घालून निसटताना महाराजांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधले आणि मोगल फौज कात्रजकडे धावली, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, आणि ऐकणारा मिश्कील हसला असेल. आज तो वाक्प्रचार आहे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, गुण दोन. तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. अशा शब्दांनी टोळकं आपलं आणि परकं ठरवतं. नवा आलेला माणूस हसण्याच्या ठिकाणी हसत नाही आणि त्याच्याच वागण्याला नाव पडलेलं त्याला शेवटी कळतं. उंबरठेकर स्वतः दारात उभे असताना आतून ‘उंबरठेकर’ म्हणून हसू येणं हे काही मोठ्या मनाचं लक्षण नाही. एवढंच की अशा वेळी शब्दपाड्यांना स्वतःलाही एक नाव पडलेलं असतं, आणि तेही त्यांना ठाऊक नसतं.

चालू लागलेल्या शब्दावर पाडणाऱ्याचं नाव राहत नाही, हे त्यांना सोसत नाही. पोलिसाला पांडू म्हणण्याचा माग निदान १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ चित्रपटापर्यंत काढता येतो, पण चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला पहिल्यांदा मामा कोण म्हणालं, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून शब्दपाडे पहिल्या वापराचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवतात. मग एक दिवस परगावचा कुणी त्यांनाच त्यांचा शब्द ऐकवतो, वर ‘हा कोल्हापूरकडचा’ म्हणून सांगतो, आणि त्यांना गप्प बसावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे तो शब्द जाहिरातीत येणं. एखादी बँक ‘आता ओटीपीडित राहू नका’ असा फलक लावते आणि त्याच संध्याकाळी कट्टा तो शब्द टाकून देतो. शब्दपाडे एवढ्यावर थांबत नाहीत. बँकेच्या पानावर ते सविस्तर लिहितात की हा शब्द अमुक तारखेला आपण पाडला, सोबत स्क्रीनशॉट जोडला आहे. तासाभरात उत्तर येतं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आपला ग्राहक क्रमांक कळवा. नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.’