वारसा, किलोच्या भावात

परवाना राज्यात बजाज स्कूटरसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची. बारशाला केलेलं बुकिंग मुंजीला फळायचं. परकीय चलन मोजणाऱ्याची गाडी तेवढी लवकर यायची. चेतक आली १९७२ मध्ये. २००९ च्या अखेरीस कंपनीनं स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. ज्यांनी ती भंगारात किलोवर घातली, त्यांच्याच चिरंजीवांना आता वारसा आठवलाय.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हे वारसदार लांबून ओळखू येतात. इंजिनावरचं उजवं झाकण हातात घेऊन ते असं न्याहाळतात, जणू सून बघायला आलेत. विकणारा झाकणाकडे बघतच नाही. तो गिऱ्हाइकाच्या मनगटावरचं घड्याळ बघतो आणि मग भाव सांगतो. झाकणावर पुट्टीचा असा थर, की लोहचुंबक टेकवावं तर घसरून खाली पडतं. ‘एकदम ओरिजिनल, साहेब!’ असेल बुवा. पुट्टीही त्या काळातलीच असेल.

नाना पेठेत क्लच केबल, प्लग, रबरं मिळतात, पण मिळणाऱ्या वस्तूत कसली आलीय प्रतिष्ठा? हवी असते ती जुन्या स्पीडोमीटरची काच, तीही किंचित पिवळी पडलेली.

सगळं जमलं की गाडी दिवाणखान्यात उभी राहते आणि पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. ऑफिसला साहेब नव्या चेतकवर जातात, विजेवरच्या. जुनी आडवी करून किक मारायला कंबर कुठून आणायची? तिचे पार्ट तर जुन्या बाजारातही मिळत नाहीत.