शिआनला एक रात्र पुरत नाही

चीनच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा. एका टोकाला बीजिंग, दुसऱ्या टोकाला शांघाय आणि मध्ये कसंबसं कोंबलेलं शिआन. सकाळी आगमन, दुपारी मातीची फौज, रात्री 'भारतीय भोजन', उजाडलं की प्रयाण. तांग राजवटीत हेच शहर छांगआन होतं, त्या काळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. त्याची अशी बोळवण करणाऱ्यांना आपण लाखांनी पैसे मोजतो, याचा मला संताप येतो.

मातीची फौज बघायचीच, पण नीट बघायची. 1974 साली शेतकरी विहीर खणत असताना ती सापडली. सुमारे आठ हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले बरेच अजून जमिनीखाली आहेत. कारण ऐकण्यासारखं आहे. हे सैनिक मुळात रंगवलेले होते. बाहेरची कोरडी हवा लागली की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुरकुततो आणि रंगासकट सुटतो. म्हणून चिनी पुरातत्त्वज्ञ घाई करत नाहीत. ज्याच्यासाठी ही फौज घडवली, त्या सम्राट छिन शिहुआंगची कबर तर त्यांनी अजून उघडलेलीच नाही. हे समजून घ्यायला अख्खा दिवस द्या. पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी फोटो काढून बसकडे धावणं म्हणजे तिकीट वाया घालवणं.

आता मुक्काम. तो तटबंदीच्या आतच हवा, यात तडजोड नको. बाहेरचं हॉटेल आयोजकाला सोयीचं असतं, कारण बस दारात उभी राहते. तुमची मात्र संध्याकाळ जाते. शहराभोवतीचा मिंग काळातला तट 1370 च्या दशकात उभा राहिला. त्याची लांबी जवळजवळ 14 किलोमीटर आणि माथ्याची रुंदी 12 मीटरच्या वर. त्यावर सायकल भाड्याने मिळते आणि दीड-दोन तासांत पूर्ण फेरी होते. घंटाघराजवळ उतरलात तर नगारखाना चालत गाठता येतो आणि त्याच्यामागेच हुई मुसलमानांची वस्ती सुरू होते. तिथली मोठी मशीद जरूर बघा. घुमट नाही, उंच मिनार नाहीत. एकामागून एक बागेची अंगणं, उतरती कौलारू छपरं आणि शेवटी नमाजाचं दालन.

जेवणाबाबत तर आपल्या लोकांचं फारच चुकतं. शिआनला जाऊन पनीर मागवणं हा त्या शहराचा अपमान आहे. मटण चालत असेल तर 'यांगरौ पाओमो' खा. टणक रोटी आणि रिकामा वाडगा समोर येतो. रोटी आपण स्वतः बोटांनी बारीक कुस्करायची. मग आचारी वाडगा आत नेतो आणि मटणाच्या रश्श्यात ते तुकडे शिजवून आणतो. सोबत लसणाचं गोडसर लोणचं. तुकडे मोठे ठेवलेत तर रस्सा आत मुरत नाही, तेव्हा घाई नको.

शाकाहाऱ्यांची उपासमार होते, हा आयोजकांचा ठरलेला बचाव. तो लंगडा आहे. 'ल्यांगपी' घ्या: व्हिनेगर आणि तिखट तेलात कालवलेल्या गार, लुसलुशीत पट्ट्या. 'ब्यांगब्यांग' नूडल्स कमरपट्ट्याएवढ्या रुंद असतात. त्यांवर मिरचीपूड घालून कडकडीत तेल ओततात. तो चर्र आवाज ऐकून आपल्या फोडणीची आठवण होतेच. या नूडल्स मांसाशिवाय करून मागा. चिकट तांदूळ आणि लाल बोरांचा वाफवलेला 'त्सेंगगाव' गोडाला आहेच. 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा आणि हेच वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा. न्यूरौ म्हणजे गोमांस, झूरौ म्हणजे डुकराचं मांस, हेही लक्षात असू द्या.

पण सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो दायान पॅगोड्यावर. बसच्या खिडकीतून दाखवून पुढे नेतात. शालेय पुस्तकातला युआन श्वांग आठवतो? 645 साली तो भारतातून 657 ग्रंथ घेऊन याच शहरात परतला आणि ते सुरक्षित राहावेत म्हणून 652 साली हा पॅगोडा बांधला गेला. तोच युआन श्वांग आपल्या महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतात, असं त्याने नोंदवलं. इथल्या पुलकेशी राजाचं राज्य सम्राट हर्षाला जिंकता आलं नाही, हेही लिहिलं. आपल्या पूर्वजांचं इतकं जुनं, डोळ्यांनी पाहून केलेलं वर्णन ज्या शहरात लिहिलं गेलं, तिथे मराठी माणसाला दारातून परत फिरवतात!

तेव्हा नोंदणीच्या आधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा. शिआनला रात्री किती? हॉटेल तटाच्या आत की बाहेर? दायान पॅगोडा आत जाऊन बघायचा की खिडकीतून? तीनपेक्षा कमी रात्री असतील किंवा उत्तर गुळमुळीत आलं, तर पैसे भरू नका.