इज की आर?

सोसायटीचा सूचनाफलक वाचायला लोक चष्मा घेऊन जातात. हे गृहस्थ लाल पेन घेऊन जातात. 'एव्हरीवन आर रिक्वेस्टेड' दिसलं की 'आर'वर काट आणि वर ठसठशीत 'इज'. सभा कधी आहे ते मात्र त्यांना विचारू नका. तारखेत व्याकरण नसतं, त्यामुळे ती त्यांनी वाचलेली नसते.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिन यांवर हा पिंड पोसलाय. 'ईच', 'एव्हरीबडी', 'नोबडी' कितीही गर्दी जमवोत, क्रियापद एकवचनी! 'ईच ऑफ द बॉइज' म्हणताना माणूस शेजारच्या 'बॉइज'ला भुलून 'हॅव' म्हणतो, आणि हे नेमके तिथेच दबा धरून बसलेले असतात. "कर्ता कोण? ईच! बॉइज नुसते सोबतीला आलेत."

परवाच्या सभेत सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "नायदर ऑफ द पंप्स आर वर्किंग."

"इज!" मागून गर्जना.

"अहो काका, दोन्ही बंद आहेत!"

"असू देत. 'नायदर' म्हणजे ना हा, ना तो. एकेकाचा विचार करायचा. टँकर बोलावलेत ना? मग 'सम ऑफ द टँकर्स आर', पण 'सम ऑफ द वॉटर इज'. लिहून घ्या."

लिहून कुणी घेतलं नाही. वरचे चार मजले बादल्या मोजत होते.

त्यांना खिंडीत गाठलं ते नातीने. 'नन' एकवचनीच, असं आजोबा ठासून सांगत होते. तिने फाउलरचा १९२६ सालचा कोश समोर ठेवला: 'नन' फक्त एकवचनी मानणं ही चूक आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वर जेन ऑस्टिनही 'एव्हरीबडी'मागे 'देअर' बिनधास्त लावते, हेही ऐकवलं. आजोबांनी पान दोनदा वाचलं, कोश मिटला आणि म्हणाले, "ते इंग्रज आहेत. त्यांना चालतं. आपल्याला चुकून कसं चालेल?"

ह्या उत्तराला कोश नाही.

मराठीत मात्र त्यांचा कारभार सढळ. 'मी त्याला बोललो', 'जरा माझी मदत कर' असं खुशाल म्हणतात, आणि तिथे लाल पेन खिशातून निघत नाही.

माझं मत विचाराल तर पुढच्या निवडणुकीत ह्यांनाच सेक्रेटरी करावं. पाणी तसंही येत नाहीये. निदान नोटिसा तरी शुद्ध निघतील.