बुलेटआप्पा आणि कंपनीचा फोन

रहिमतपुरात पेठ कुठलीही घ्या, तिथं एक बुलेटआप्पा असतोच. वय पंचावन्नच्या पुढं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात गाडी पुसायचं पिवळं फडकं. त्याच्या घराला नंबर लागत नाही. "बुलेट उभी दिसंल, तेच घर" एवढ्यावर पाहुणे बरोबर पोचतात. आल्याचा भाव पडला, उसाचं बिल लांबलं, पोराचं लग्न जमेना, तरी आप्पा दोन घास कमी खात नाही. सायलेन्सरचा आवाज जरा फिरला की मात्र ताट तसंच राहतं.

आप्पा गाडी कानानं चालवतो. कोपऱ्यावर कुणाची बुलेट वळली की पेपरातून डोकं वर न काढता निदान होतं : "टॅपेट वाजत्यात. किती सांगितलं, पोरगं ऐकंल तर शपथ." ही विद्या वडिलांच्या जुन्या बुलेटवर कमावलेली. तिला किक मारायची तर आधी अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, मग डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबायचा, आणि एवढं करूनही हिशेब चुकला तर किक उलटी येऊन नडगी सोलून काढायची. प्लॅटिन पॉइंट काळे पडले की रस्त्याकडेला उकिडवं बसून घासायचे. गाडीत खोट निघाली तर मालकानं ती शिकून घ्यायची, असा तो काळ. कंपनी मद्रासला आणि आप्पा रहिमतपुरात. कळवणार कोण कुणाला?

आमच्या पेठेतल्या आप्पानं मार्च २०२१ मध्ये उसाचं बिल हातात पडताच नवी बुलेट आणली. बटणावर चालू होणारी. एप्रिलात कोरोनाचे निर्बंध लागले आणि गाडी अंगणात अडकली. आप्पा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. सकाळी चालू करून ऐकायची, बंद करायची, पुसायची, झाकायची. मे महिन्यात बातमी आली. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट अशा २,३६,९६६ गाड्या रॉयल एनफिल्डनं तपासणीला बोलावल्या होत्या. त्यात भारताबरोबर थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्याही गाड्या. दोष इग्निशन कॉइलचा. ही कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते, तेव्हा ठिणगी पडते. तीच खराब असली तर इंजिन मिसफायर होतं, गाडीची ओढ कमी होते, आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकतं.

"आमच्या गाडीत न्हाई," आप्पानं निकाल दिला. पुरावा काय? "मी रोज ऐकतो की!" पण पेठेत कुजबुज सुरू झालीच, नव्या सुनेच्या माहेराबद्दल काही कानावर आल्यावर होते तशी. येणारा-जाणारा गाडीकडं जरा जास्त वेळ बघू लागला. आप्पानं झाकण दिवसाही काढलं नाही.

मग शोरूममधून फोन आला. केला होता साताऱ्याहून एका मुलीनं. दुपारच्या चहापर्यंत तो चेन्नईहून आलेला होता आणि दिवेलागणीला थेट मोठ्या साहेबांनी केलेला. रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव आहे. संवाद वाढवण्यात इथं कुणी कमी पडत नाही. "'आप्पासाहेब,' म्हणला, 'सवडीनं या, पन गाडी घिऊनच या.'" उरलेल्या २,३६,९६५ गाड्या या प्रयोगात कापल्या होत्या.

तपासणी फुकट आहे म्हटल्यावर आप्पाच्या घरी काकींना संशय आला. "फुकाट हाय ना? मग चांगलं काढून घेतील आन् जुनं बशिवतील, बघा." आप्पा गेला वकिलाकडं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची २०१२ पासून ऐच्छिक आचारसंहिता होती : दोष सापडला तर आपण होऊन गाड्या बोलवायच्या. पुढं २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, आणि आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार कंपनीवर सक्ती करू शकतं, एक कोटीपर्यंत दंडासकट. या बुलेटची मोहीम तर कंपनीनं स्वतःहूनच काढली होती. एवढ्या सगळ्यातलं आप्पानं नेमकं उचललं ते 'एक कोटी'.

निर्बंध सैल झाले तशी स्वारी साताऱ्याला निघाली. बुलेटआप्पा अशा कामाला एकटा जात नाही. मागं गॅरेजचा मिस्त्री, साक्षीदार म्हणून. गाडी आदल्या रात्री धुतलेली, सकाळी परत धुतलेली. उघडून बघणार म्हटल्यावर परक्या माणसांना आत चिखल दिसता कामा नये.

शोरूममधला सुपरवायझर आप्पाच्या भाच्याच्या वयाचा. त्यानं चेसिस नंबर कॉम्प्युटरवर टाकला, जॉब कार्ड काढलं आणि सवयीनं विचारलं, "अजून काही तक्रार, सर?" हा प्रश्न अशा माणसाला विचारायचा नसतो. हॉर्न बारीक वाजतो. सीट मऊ आहे. उभ्या उभ्या पेट्रोल उडालं, त्याचं काय? पाहुण्याच्या गाडीला लेगगार्ड आहे, आमच्या का नाही?

"सर, ते रिकॉलमध्ये येत नाही."

"एक कोटी दंड हाय, म्हाईत हाय का?"

"चहा सांगू का, सर?" पोरगं म्हणालं. फार पुढं जाईल तो.

आत एसीचा हॉल होता, सोफा होता, टीव्हीवर लडाखला निघालेल्या बुलेट होत्या. आप्पा बसला नाही. वर्कशॉपच्या काचेला नाक लावून उभा राहिला आणि आतल्या फिटरला खुणेनं सूचना देत राहिला. साक्षीदार सोफ्यावर घोरत होता.

थोड्या वेळानं सुपरवायझर हसत आला. "कॉइल एकदम ओके आहे, सर. घेऊन जा."

कंपनीनं पहिल्यापासून सांगितलं होतं की बदलायची वेळ दहा टक्क्यांहून कमी गाड्यांवर येईल. आणि आप्पा तरी दुसरं काय म्हणत होता? 'आमच्या गाडीत न्हाई' म्हणत त्यानं गाव डोक्यावर घेतलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. पण आप्पाचा चेहरा उतरला.

"म्हंजे बदलणार न्हाई?"

"गरज नाही, सर."

"फुकाट असून?"

"चांगली आहे हो!"

"मग बोलिवलं कशाला? तिकडं थायलंडवाल्याची बदलली असशीला!"

मला यात हावरटपणा दिसत नाही. आयुष्यभर बिघडलेलं उघडून, काळे हात करून नीट केलेलं त्यानं पाहिलंय. जुना भाग फडक्यात बांधून मालकाच्या हातात दिला की काम झालं, हा त्याचा हिशेब. मशीन लावून 'ओके' म्हणणारा डॉक्टरही त्याला पटत नाही, सुई मारली पाहिजे. शेवटी साक्षीदाराला उठवून त्याच्याकडून कॉइलची खात्री करून घेतली, तेव्हा कुठं स्वारी परत फिरली.

संध्याकाळी टपरीवर निकाल जाहीर झाला : "शंभरात एखादीच गाडी पास हुती. आमची झाली." झाकण निघालं.

खरा अपमान डिसेंबरात झाला. कंपनीनं पुन्हा गाड्या बोलावल्या, यावेळी १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ मधल्या २६,३०० क्लासिक ३५०, मागच्या ब्रेकच्या ब्रॅकेटसाठी. आप्पानं दोन दिवस फोनची वाट पाहिली आणि मग स्वतःच लावला.

"सर, तुमची बुलेट आहे. यात फक्त नवीन क्लासिक."

"ब्रेक आमच्या गाडीलाबी हाय की."

"पण त्यात दोष नाही, सर."

"बघितल्याबिगार कसं कळलं?"

पलीकडून चहाचंही विचारलं नाही. पण पुढच्या गल्लीतल्या एका पोराकडं नवी क्लासिक होती आणि त्याला फोन आला होता. आप्पा संध्याकाळीच त्याच्या दारात हजर. "कवा जायचं साताऱ्याला? एकला जाऊ नगंस. तिथं काय बोलायचं, तुला कळायचं न्हाई. मी येतो मागं बसून."