प्रेसवाले अण्णा

अण्णांकडे सुट्टे मागायची सोय नाही. मागितले की नोट आधी उजेडात जाणार, जलचिन्हातले गांधीजी जागेवर आहेत ना ते बघणार, पाचशेची असेल तर वाकडी करून धागा हिरव्याचा निळा होतो का ते तपासणार. मग निकाल: "आमच्या नाशिकरोडची आहे." किंवा नाक मुरडून, "देवासच्या प्रेसची दिसते." कशावरून, ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात आणि अण्णांची उभी हयात तिथेच गेली, त्यामुळे वाद घालायची हिंमत कुणात नाही. एकदा ऐन द्वारका सर्कलला, चारी बाजूंनी हॉर्न वाजत असताना, रिक्षावाल्याने परत दिलेली दहाची नोट त्यांनी आभाळाकडे धरली. मी काठे गल्लीच्या दिशेने चालू लागलो. ओळखच दाखवली नाही.

तर अण्णांना नात झाली. सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली आणि मोठ्या नातवाला सांभाळणाऱ्या मावशींनी आठ हजारांचे बारा मागितले. अण्णांनी मला मध्यस्थीला बोलावलं. म्हणजे त्यांच्या बाजूने मान डोलवायला.

"मोठा आता बालवाडीत जातो," अण्णांनी हिशेब मांडला. "म्हणजे तो अर्धा. अर्धा आणि एक, दीड पोर. दुप्पट काम कुठे झालं?"

मावशी बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जातो अर्धा, पण येताना दीड होऊन येतो."

"अण्णा, दीडपट धरली तरी आठाचे बाराच होतात," मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी देवासचा आहे.

"आणि बाळ तर दिवसभर झोपतं."

"मग तुम्ही बसा की त्याच्यापाशी. मी टीव्ही बघते."

खरी गंमत पुढेच. हेच अण्णा नोकरीत असताना युनियनचे. महागाई भत्त्यासाठी गेटवर घसा बसेपर्यंत घोषणा दिलेल्या. आता घरात तेच मॅनेजमेंट. मावशींनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि सावकाश विचारलं, "अण्णा, तुमचा भत्ता जानेवारीत वाढतो, जुलैत वाढतो. दरवेळी पेढे आणायला मलाच पाठवता. माझा महिना कुठला?"

महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळ आहे, नोंदणी आहे; मावशींची जानेवारी मात्र अजून यायची आहे. अण्णा काही बोलले नाहीत. मागणी रास्त आहे हे युनियनवाल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बारा ठरले. मुलगा म्हणाला, फोनवरच पाठवतो. मावशी भाजीसुद्धा फोनवरून घेतात, तरी अडून बसल्या: "रोख पाहिजे. अण्णांच्या हातून." स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "फोनमधले पैसे उजेडात कसे धरणार ते? तेवढाच त्यांचा जीव रमतो."

आता दर एक तारखेला अण्णा पाचशेच्या चोवीस नोटा खिडकीशी एकेक करून पारखतात. मावशी बाळाला मांडीवर घेऊन, न कंटाळता, शेवटच्या नोटेपर्यंत बसतात. परवा पैसे कनवटीला लावता लावता म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला सांभाळायचं या बारात धरलेलं नाही हं. जुलैत बघू."