माळ्यावरचं काम

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला मी एक टिंब टाइप केलं आणि तीन तासांचं काम गेलं. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटला दिलेली आज्ञा : ‘गिट चेकआउट’ आणि पुढे टिंब. मला एकाच फाइलीतला घोळ निस्तरायचा होता, पण टिंब म्हणजे या फोल्डरातलं झाडून सगळं. गिटने विचारलं काहीच नाही. खाली एक ओळ तेवढी आली : अकरा फायली अपडेट केल्या. अपडेट! चोराने घर धुऊन न्यावं आणि जाताना ‘साफसफाई केली’ अशी चिठ्ठी ठेवावी, तशातली गत.

बरं, हेच गिट ब्रँच बदलताना दारात आडवं पडतं : तुमचे बदल पुसले जातील, आधी कमिट करा (नोंदवा) नाहीतर स्टॅश करा (बाजूला ठेवा). ‘क्लीन’ ही आज्ञा तर जबरदस्तीचा शेरा दिल्याशिवाय फाइलीला हात लावत नाही. मग टिंबाचाच एवढा लाड का? 2019 साली गिटने चेकआउटची कामं ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशी वाटून दिली. रिस्टोअरही न विचारताच पुसतं.

आमच्याकडे रद्दीवाला आला की आई बांधलेला गठ्ठा पुन्हा सोडते. मध्ये लाइटबिल गेलं नाही ना, बघते. गिटकडे माझं तेवढंच मागणं आहे. गिटचंच काम करणारं, गिटच्याच वयाचं मर्क्युरिअल, दोघांचा जन्म 2005 चा. ते बदल मागे घेताना आधीच्या फाइलीची प्रत मुकाट्याने बाजूला ठेवतं. त्याच कुळातलं जुजुत्सू तर जवळजवळ प्रत्येक आज्ञेआधी हातातलं काम स्वतःच नोंदवून ठेवतं. टाकायचं काय ते माणसाने सांगावं. सांभाळायला कुणी सांगावं लागू नये.

स्टॅश आहे की, म्हणाल. स्टॅश म्हणजे आमचा माळा. वर टाकलेलं खाली येत नाही. माझ्या माळ्यावर सतरा गाठोडी आहेत आणि बहुतेकांवर एकच चिठ्ठी : ‘डब्ल्यूआयपी ऑन मेन’. आत काय आहे ते चिठ्ठीवरून कळत नाही, आणि सोडायची छाती होत नाही. शिवाय नवीकोरी फाइल स्टॅश आपणहून उचलतच नाही. ती खालीच राहते.

आईला झाला प्रकार सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आधी झेरॉक्स नाही का काढायचीस?”

सोमवारपासून मी टिंब टाइप करण्याआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढतो. आजच्या कॉपीचं नाव ‘फायनल नवीन 4’.