पहिला अल्बम काढू इच्छिणाऱ्या होतकरू बुवांना

अभिनंदन! देवळात भजनाला कोरस करून घसा तयार झाला, पेटीवर बोटं फिरू लागली, मुंबईच्या मामाने चांगला मोबाइल दिला. तळेऱ्यात राहून अल्बम काढायला आणखी काय लागतं? स्वतःची चाल नाही म्हणता? ती कुणाकडे असते!

१. आधी चाल उचला. गाजलेलं सिनेमाचं गाणं घ्या, त्यात 'विठ्ठला' बसतोय का पाहा. बसत नसेल तर ताणा. विठ्ठल सोशिक आहे. आई विचारील, "झिला, ह्या पिक्चरातला गाणा मा?" ऐकलं नाही असं दाखवा. तरीही लाज वाटलीच, तर लंडनच्या रोलिंग स्टोन्स या बँडचं स्मरण करा. ब्लूजच्या वेडाने झपाटलेल्या या पोरांचा पहिला अल्बम एप्रिल १९६४ मध्ये डेक्का कंपनीने काढला. गाणी बारा, त्यांत जॅगर-रिचर्ड्स जोडीचं एक. बाकी बहुतेक अमेरिकेतल्या जिमी रीड, बो डिडली, चक बेरी अशांनी आधीच गाजवलेली. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला.

२. शब्दांची काळजी नको. तुकोबा मानधन मागत नाहीत.

३. गुरू मोठा धरा. स्टोन्सनी तर मंडळाचं नावच ब्लूजवाल्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. तुम्ही 'गुरुवर्य अमुक बुवांचे शिष्य' एवढं छापा. गुरूंनी तुम्हाला ओळखलंच पाहिजे अशी अट नाही.

४. स्टुडिओवर पैसे घालवू नका. लंडनच्या ज्या रेजंट साउंडमध्ये स्टोन्सचा तो अल्बम झाला, तिथे आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते. नाक्यावरच्या ऑम्लेट-पाववाल्याशी गोड बोला. पावसाळा टाळा, पत्रा कुणाचं ऐकत नाही. हायवेवरून गोव्याकडे निघालेल्या ट्रकचा हॉर्न गजरात शिरला तर काढू नका. तो निदान एका सुरात असतो. कोरसचं तसं सांगता येत नाही.

५. कव्हर हा अल्बमचा आत्मा. इथे मात्र स्टोन्सचं ऐकू नका. त्यांच्या कव्हरवर पुढच्या बाजूला फोटो होता. ना अल्बमचं नाव, ना बँडचं. सिंधुदुर्गात असं केलंत तर वर्गणी परत मागतील. वर ग्रामदेवता, खाली गुरू, मध्ये जाकिटातले तुम्ही. मग सरपंच, चिरेखाणीचे मालक, दोन्ही वाड्यांचे मानकरी, 'विशेष सहकार्य'वाले मामा. पखवाजवाल्याचा फोटो झांजवाल्यापेक्षा नखभरही लहान नको. नाहीतर पुढच्या बारीला पखवाजही तुम्हीच वाजवा. जागा उरली तर अल्बमचं नाव टाका.

६. प्रकाशन गणपतीत. चाकरमानी आलेले असतात, खिसे भरलेले असतात आणि परतीचं तिकीट हाती असल्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार नाही याची त्यांना खात्री असते.

७. लगेच डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, लावा. 'जंगी सामना' असा बॅनर हायवेला, वैभववाडीच्या रस्त्याला आणि विजयदुर्गच्या फाट्यावर हवाच. पहिली बारी तुमची. नमन, अभंग, गवळण झाली, की अल्बममधला गजर दणकून म्हणा आणि समोरच्या बुवांना दोन टोले हाणा. मग त्यांची बारी. ते पेटी ओढतील आणि तुमचीच चाल तुमच्यापेक्षा वरच्या पट्टीत लावतील, शब्द तेवढे तुमच्या जाकिटावर. तावातावाने उठू नका. मंडप विचारील, "बुवानु, चाल कोणाची?"

तेव्हा टाळी द्या, आणि त्यांनी घेतलेली जागा लक्षात ठेवा. दुसऱ्या अल्बमला लागेल.